समोर फेकलेले दहा चेंडू

क्लेमेंटी, सिंगापूर
१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. नंदाताईस,
सौमित्रचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आणि तुझा लेक पलीकडच्याच खोलीत, म्हणून ही ईमेल. अप्पांनी लहानपणी लावलेल्या शिस्तीप्रमाणे मायना घातलाय, तेव्हा हिला पत्रच समज.

तुझा नील बिघडलाय. दचकू नकोस, वागण्यात नाही, खेळात. दर शनिवारी मी ज्या कॉलेजच्या संघाला शिकवतो, त्याचा तो क्वार्टरबॅक. तू अजून या खेळाला रग्बी म्हणतेस म्हणून पुन्हा सांगतो: हा फ्लॅग फुटबॉल. लांबट चेंडू हाताने फेकायचा आणि धक्काबुक्कीऐवजी कमरेची पट्टी ओढून समोरच्याला अडवायचं. आपला कोणता गडी मोकळा आहे हे क्वार्टरबॅकने तीन सेकंदांत हेरायचं आणि चेंडू त्याच्या हातात पोचवायचा. गेल्या वर्षी नीलच्या तोडीचा इथे कुणी नव्हता. जुलैपासून मात्र शेंबड्या पोरालाही जमतील असे चेंडू वाया घालवतोय.

बदली म्हणून दोघे आहेत. जुन वेईचा हात कच्चा पण डोकं थंड, आणि फरहानचा हात तोफेसारखा, डोकंही तोफेसारखंच. वीस तारखेला पहिला सामना. मामा आहे म्हणून भाचा खेळतो, असं कुणी म्हणायला नको. येत्या शनिवारी तिघांची सारखी परीक्षा घेणार आहे. तुझी भावजय अनघा म्हणते, मी सख्ख्या भाच्याशी सावत्रासारखा वागतो. वागतो खरा.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
सौमित्र

*

पुणे
२ सप्टेंबर २०२५

चि. सौमित्रास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

लगोरीतसुद्धा रडीचा डाव खेळणारा माझा भाऊ न्यायाधीश झाला, याचं हसू आलं. घे बाबा परीक्षा. भाचा म्हणून झुकतं माप देऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. यांचा गुडघा कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही.

जाता जाता विचारते. नील पाणी ओततो तेव्हा पेल्याबाहेर सांडतं का? फोन नाकासमोर धरतो की मान वाकडी करून बघतो? आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघतो का? उगीच विचारतेय. त्याला काही बोलू नकोस, नुसतं बघ आणि परीक्षा झाली की लगेच कळव. जुलैच्या आधी असं काही नव्हतं ना, तेही लिही.

अनघाला आशीर्वाद. दोघं त्याला सांभाळा.

तुझी,
ताई

*

क्लेमेंटी
७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सौमित्रचा नमस्कार.

काल परीक्षा झाली. प्रत्येकाला समोर दहा आणि बाजूला दहा चेंडू फेकायला लावले. अनघाने आकडे लिहून घेतले. जुन वेईचे समोर सहा आणि बाजूलाही सहाच बरोबर. फरहानचे समोर पाच, बाजूला सहा. नीलचे बाजूला नऊ, आणि समोर तीन.

ताई, नवशिका सगळीकडेच सारखा चुकतो. हे प्रकरण वेगळं आहे. बाजूचे चेंडू नील डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून फेकतो आणि ते अचूक जातात. ज्याच्याकडे रोखून बघतो, त्यालाच चेंडू मिळत नाही. मला वाटलं, समोरच्या जबाबदारीला भितोय. सगळ्यांदेखत बोललो की हातात दम आहे पण छातीत नाही, आणि त्याची जागा जुन वेईला दिली. तो मैदानावरचे प्लास्टिकचे शंकू गोळा करायला गेला आणि त्यातल्या दोनांना पाय लागून अडखळला.

मग तुझे प्रश्न आठवले. हॉकर सेंटरला जेवायला गेलो तर पाटी न वाचताच म्हणाला, मामा, तूच मागव. उसाचा रस ओतताना निम्मा टेबलावर सांडला. परतताना भलत्याच नंबरच्या बसला हात केला आणि स्वतःच हसला. फोन मान वाकडी करूनच बघतो. माझ्याशी बोलताना त्याची नजर माझ्या कानावर असते. जुलैच्या आधी यातलं काही नव्हतं.

तुला हे प्रश्न सुचले कसे? मला फार भीती वाटतेय. ताबडतोब लिही.

सौमित्र

*

पुणे
७ सप्टेंबर २०२५

चि. सौमित्रास,
आशीर्वाद.

उद्या सकाळी आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ऑफिस बुडव. अपॉइंटमेंट नसेल तर इमर्जन्सीत जा. आईच्या माहेरी तरुणपणी डोळे जाण्याचा आजार आहे, असं सांग. एवढं नक्की केलंस की मगच पुढचं वाच.

आपल्याला सांगितलं तसे नानामामाचे डोळे फटाक्याने गेले नव्हते. एकविसाव्या वर्षी, दोन-अडीच महिन्यांत गेले. आधी समोरचं पुसट झालं, कडा तेवढ्या राहिल्या. पाणी पेल्याबाहेर सांडायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी आजीला सांगितलं की हे आईकडून मुलांत उतरतं, होतं बहुतेक मुलग्यांना, आणि मुली ते पुढे नेतात. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आईने मला देवासमोर बसवून हे सांगितलं आणि लगेच वचन घेतलं, की सोयरीक मोडेल, कुणाला बोलायचं नाही. यांनासुद्धा मी कधी बोलले नाही.

तुलाही होऊ शकलं असतं. दर रविवारी आई तुला भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं लांबून वाचायला लावायची, आठवतं? तुला तो खेळ वाटायचा. तू वाचलंस की ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

सिगारेट-दारूने हा आजार उसळतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून नील तिकडे निघाला तेव्हा त्याला शपथ घातली की दोन्हीला शिवायचं नाही. कारण मात्र आपल्या घरचे संस्कार असं सांगितलं. खरं कारण ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

सौमित्र, तो जन्मला त्या दिवसापासून मी भीत आलेय. त्याला काय सांगायचं ते तू सांग. मला जमायचं नाही.

ताई

*

क्लेमेंटी
१३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
नीलचा सा. न.

मी सांगतोय आणि मामा टाइप करतोय, कारण स्क्रीनवरची अक्षरं मला आता सलग दिसत नाहीत. त्याला सांगितलंय की एक शब्द बदलायचा नाही.

रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण डॉक्टरांना फारशी शंका नाही. उजवा डोळा बराच गेलाय, डावा त्याच्या मागे निघालाय. औषध सुरू केलंय. ते लवकर सुरू झालं तर थोडा फरक पडतो म्हणे. आमचं लवकर आहे की नाही, हे कुणी नक्की सांगत नाही.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, सिगारेट ओढतोस का. दीड वर्ष ओढतोय, आई. तुझी शपथ मला सगळ्या आया घालतात तसली वाटली. नानामामांचं नाव घेतलं असतंस तर मी पाकिटाला हात लावला नसता. हे तुला टोचून बोलत नाहीये. पण बोललो नाही तर तेही लपवल्यासारखंच होईल.

डोळ्यांपेक्षा वाईट दुसरंच गेलं. अडीच महिने मला वाटत होतं की मी भित्रा आहे. मी कुणाला सांगितलं नाही, कारण चेंडू दिसत नाही म्हटलं तर सगळे म्हणाले असते, बहाणे सांगतो. मामाही तेच म्हणाला. हे टाइप करताना तो थांबलाय. मी त्याला म्हटलं, लिही, मला राग नाही. सामन्याला मी जुन वेईच्या शेजारी उभा राहणार आहे. समोरचे कुठे सरकतात ते मला अजून कडेने बरं दिसतं.

बाबांना तूच सांग, आजच सांग. आणि मग पहिलं मिळेल त्या विमानाने ये. काल व्हिडिओ कॉलवर तू रडत होतीस, असं मामा नंतर म्हणाला. मला तुझे केस दिसले, खांद्यावरचा पदर दिसला, मागची खिडकीसुद्धा दिसली. मधे तू नव्हतीस. डाव्या डोळ्याने अगदी जवळून अजून दिसतं. तेवढ्यात ये.

तुझा,
नील