चार खांबांची टेकडी

कॉव्हेंट्री, रविवार, १५ मे १९८८

हात अजून झणझणतोय. नेहाला मारलं मी. अकरा वर्षांची पोर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच.

तिच्या शाळेची ट्रिप फ्रान्समधल्या एका छोट्या खेड्यात जाणार आहे, त्याचं प्रोजेक्ट. दुपारभर दोघं टेबलावर नकाशा काढत बसलो होतो. नदीचं वळण, उंचावर जहागीरदाराचा किल्ला, खाली कुळांची घरं. आणि नदीपलीकडच्या टेकडीवर चार दगडी खांब. पूर्वी जहागीरदार तिथे माणसांना फाशी देऊन लटकत ठेवायचा. सगळ्या शेतांतून दिसावं म्हणून मुद्दाम टेकडीवर. ते खांब तिनं लाल पेन्सिलीनं काढले.

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, आपण देशमुख, पूर्ण गाव आपला होता? मग आपण लोकांना कुठे टांगायचो?"

काडकन थोबाडीत लगावली.

तिला कुठून कळणार? आमच्या दारापुढच्या चिंचेबद्दल मी कधी कुणापाशी बोललेलो नाही. सात वर्षांचा होतो. वेठीला आला नाही म्हणून आजोबांनी शेतावरच्या गणूला त्या चिंचेला उलटं टांगलं आणि पाठीची सालटी निघेपर्यंत आसुडानं फोडलं. ती चिंचही सगळ्या शेतांतून दिसायची. खाली उतरवल्यावर गणूनं आजोबांचे पाय धरले. म्हणाला, "चुकलं, धनी."

ते चार लाल खांब मी खोडायला गेलो, तर कागदच फाटला.

आत्ता नेहा जिना उतरून आली होती. गालावर माझी बोटं उठलेली. मान खाली घालून म्हणाली, "सॉरी, बाबा."