बांधावरचा फणस आणि होय म्हाराजा

ती. सौ. भक्तीताईंस,

किशोरीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, भावोजींची साखर आणि कोल्हापूरची हवा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. इकडे मी, म्हैस आणि मांजर खुशाल. तुमचे बंधुराज मात्र कवी आहेत. फोन केला असता, पण फोन दिवसभर त्यांच्याच हातात असतो आणि त्यावर स्वतःचंच काव्यवाचन ऐकणं चाललेलं असतं. म्हणून हे पत्र मालवण–कोल्हापूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो बंधुराजांचा जुना दोस्त, पण कवितांमुळे आता माझ्या बाजूचा.

तुम्हाला ठाऊकच आहे, एसटी स्टँडवर जन्मभर माइकवरून गाड्या पुकारून ते निवृत्त झाले. माइक सुटला, पण पुकारायची सवय सुटली नाही. शेतकरी जीवनावर कविता करतात. (शेतात उतरत नाहीत. चिखलाने पायाला खाज सुटते. नांगरणीवर ओसरीत बसून लिहितात आणि घाम मात्र खरोखर पुसतात.) मिरग, श्रावण, थंडी, मोहोर, सगळे ऋतू झाले; मग शेजारी सुरू झाले. बाबलीवर इतकं लिहिलंय की तो बिचारा आमच्या दारावरून जाताना ऊन नसलं तरी छत्री आडवी धरतो.

तर गेल्या रविवारी देवळात गाऱ्हाणं होतं. (कोल्हापूरला राहून विसरला असाल तर आठवण करते: मानकऱ्याने एकेक मागणं देवाच्या कानावर घालायचं, गावाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, आणि एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही.) मानकरी भिवाकाकांचं गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटायचा होता, तेवढ्यात बंधुराज पुढे सरले आणि म्हणाले, देवाच्या पायाशी दोन ओळी वाहतो. मी मागून पदर हलवून नको नको केलं. त्यांना वाटलं, मी वारा घेतेय. मग हात जोडून, डोळे मिटून, स्टँडवरचा तो आवाज लावला:

मिरग येता भिजते माती, मन माझे रुजते!

माणसं गाऱ्हाण्याच्या तंद्रीतच होती. हात जोडलेले, सूर तोच. सगळं देऊळ गरजलं, ‘होय म्हाराजा!’

ताई, या माणसाला आजवर कुणी दाद दिलेली नाही. मी तर नाहीच. ते असे फुलले की पुढच्या ओळी कागदावर नव्हत्याच, जागच्या जागी सुचायला लागल्या. ‘येणाऱ्याला पेज माझी, जाणाऱ्याला ताक!’ होय म्हाराजा. ‘शेजाऱ्याच्या रेड्यालाही माझे रान खुले!’ होय म्हाराजा. आणि शेवटी छाती काढून, ‘बांध कशाला दोघांमध्ये? मोडून टाकू सारा!’ त्यावर जो होय म्हाराजा झाला, त्याने देवळातली वटवाघळं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पेजेला अर्धी वाडी. दुपारी बाबलीचा रेडा माझ्या लाल भाजीच्या वाफ्यात, आणि हाकलला तर बाबलीची बायको तुळसा कुंपणावरून म्हणते कशी, ‘वयनी, देवान खुलो केल्लो आसा गो!’ संध्याकाळी स्वतः बाबली कुदळ घेऊन दारात. ज्या बांधासाठी त्याचे वडील आणि मामंजी आयुष्यभर भांडले, तो फुकटात मोडून मिळतोय म्हणून खूश असेल असं मला वाटलं. तर तो रडकुंडीला आलेला. म्हणाला, ‘माका नको तुमची जमीन. पण देवाच्या म्होरां बोललेला मोडला तर माझ्या पोरांका लागतला.’ येत्या सोमवारी बांध फोडायचा, आणि बांध फोडायचा म्हणजे त्यावरचा फणस तोडायचा. तोच, कापा जातीचा. यंदा बुंध्यापासून लगडलाय.

बंधुराजांना सांगितलं, काहीतरी करा. ते ‘फणसास निरोप’ लिहायला बसले.

मला मात्र रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाई त्या झाडाखाली बसून तुम्हाला गरे काढून द्यायच्या, हे त्या मला दर मे महिन्यात सांगायच्या. असो. सहज आठवण झाली म्हणून लिहिलं, बाकी काही काम नाही. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
किशोरी

ता. क. काम आहे. भिवाकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘दुसऱ्याची वस्तू बोलली तर देव घेना नाय. पण जेची आसा तेना येवन सांगाक व्हया.’ आणि फणसाकडचं शेत बांधासकट मामंजींनी तुमच्या नावावर ठेवलंय. तेव्हा रविवारपर्यंत याच.

ता. क. २. येत्या मेमध्ये तुम्ही त्याच शेतावरचा हक्क आमच्यासाठी सोडल्याची सही द्यायला येणार होतात, त्याबद्दल द्यायची साडी मी आणून ठेवली होती. साडी घ्या. सही करू नका.

ता. क. ३. देवासमोर एवढंच बोला, ‘बांध माझो, फणस माझो.’ गाव होय म्हाराजा म्हणेल. मग ते कधीच फिरवता यायचं नाही, आम्हालाही नाही. हे बंधुराजांच्या अजून लक्षात आलेलं नाही, माझ्या आलंय. तरी या आणि बोला. सगळ्यांच्या आधी मी म्हणेन, होय म्हाराजा.