अख्तरबानूचं पान

नारायण पेठ, पुणे
मंगळवार

प्रिय दिगूबाळा,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू ‘आजी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस, मी ‘बरं बाळा’ म्हणते, आणि माझं बोलणं राहतं ते राहतंच. कागदाला मीटिंग नसते. अक्षर गिचमिड आहे. चौथीनंतर शाळेत कुणी पाठवलं नाही, तेव्हा समजून घे.

आधी आनंदाचं लिहिते. तुझ्या ‘गल्लीबोळ’ या पत्त्यांच्या खेळाच्या नव्या आवृत्तीचा नमुन्याचा डबा शनिवारी आला. काय देखणा झालाय रे! पानं गुळगुळीत, कडा सोनेरी. मुलं पुढं जादा पानांची पाकिटं घेऊन कितीही जमवोत, खेळ उभा राहतो तो मूळ संचातल्या ऐंशी पानांवर, एवढं मला कळतं. पहिल्या वेळी ती ऐंशी तू माझ्याच ओट्यापाशी पाट टाकून काढलीस. मी सांगायची, तू काढायचास. कल्हईवाला, गिरणीवाला, दुधाच्या रांगेत पुढं घुसणाऱ्या सुहासिनीबाई. त्या नादात माझी भजी जळली, ती तू जळकीच खाल्लीस. आणि आता माझं पान तर काय विचारतोस! चष्मा काढून टाकलायस, दहा वर्षांनी तरुण केलंयस. पूर्वी ‘आजी’ची ताकद एवढीच, की टाकलेलं एक पान परत उचलायचं. खरंच आहे, मी कधी काही टाकलंय का? आता म्हणे समोरच्याच्या हातातली तीन पानं न बघता, नुसती बोटानं चाचपून ओळखायची, बरोबर आली ती आपली. मी हरखलेच. जिन्यात दिसेल त्याला दाखवलं. भाजीवाल्यानं तर कोथिंबीर जास्त घातली. तशीच रिक्षा केली आणि आपल्या बांगडीवाल्या अख्तरबानूकडे गंज पेठेत गेले. म्हटलं, दोघींची पानं मिळून बघू.

तिला आता जवळजवळ दिसत नाही. तिची सून नाजिमा एकेक पान मोठ्यानं वाचत होती. दर पानाला अख्तरबानू विचारी, ‘आता मी का?’ मी म्हणे, ‘थांब गं, घाई कसली, नटूनथटून येत असशील.’ साठ झाली, सत्तर झाली. ऐंशी संपली. नाजिमानं डबा उलटा करून झटकला. मी तळाचा पुठ्ठासुद्धा उचकटून पाहिला. तेव्हा अख्तरबानू म्हणाली, ‘तुमचं पान परत वाचायला सांगा, कौशल्याबाई.’ नाजिमानं वाचलं. तिनं स्वतःच्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘हा तर माझा हात आहे.’

तिचाच होता रे. बांगड्या भरताना तिनं कधी कुणाला माप विचारलं नाही. हाताची मूठ नुसती दाबायची, तोंडानं गप्पा चालू, नजर भलतीकडं, आणि पेटीतून काढलेली बांगडी नेमकी बसायची. तुझ्या बाबाच्या वेळी माझ्या डोहाळजेवणाला तिनंच चुडा भरला. हात सुजले होते, सगळ्या म्हणत होत्या फुटणार, एकही फुटली नाही. हे सगळं तुला मीच सांगितलं, आणि तिचं पान काढायला तू दोन दुपारी तिच्या घरी जाऊन बसलास. डोळे मिटून तिनं तुझ्या हातात बांगड्या ठेवल्या, तू एकही माप ओळखलं नाहीस, ती हसून लोटपोट झाली. शीरखुर्मा दोनदा मागून खाल्लास. उठताना तूच म्हणालास, खेळ असेल तोवर तुमचं पान असेल. मी तिथंच होते, बाळा. तुझी साक्षीदार म्हणून मीच होते.

घरी येऊन तुला फोन केला तर तू म्हणालास, आजी, पानांचं गणित बसत नव्हतं. मी जन्मभर मेंढीकोट खेळत आलेय. ऐंशी होती, ऐंशीच आहेत. तिच्या जागी कुणी स्कूटीवाली बसलीय. मग तू तुझ्या ऑफिसातल्या चैतालीला फोन करायला लावलास. गुणी मुलगी, तिला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, ‘आजी, हल्लीचे दिवस असे आहेत ना, दुकानदार म्हणतात उगाच कुणी वाद काढायला नको. सर म्हणाले, नाव आणि चित्र काढा, ताकद चांगली आहे, ती आजींना द्या.’ सर म्हणजे तू, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

नुसतं काढलं असतंस तर भित्रा म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. पण तिचा हात काढून तू मला लावलास, आणि मी तो तिच्याच दारात मिरवला. तिला वाटलं, मला ठाऊक होतं. ती रागावली नाही. नाजिमाला चहा ठेवायला सांगितला, पानं नीट रचून डब्यात भरून दिली, म्हणाली, ‘पोरगं आहे, घाबरलं असेल.’ मी निघाले तेव्हा मात्र ‘परत कधी’ असं विचारलं नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

आता पत्र कशाला लिहिलं ते. डब्याबरोबर एक कागद होता, माझं नाव आणि चेहरा छापायला माझी हरकत नाही म्हणून. शुक्रवारी छपाई, त्याआधी सही हवीच, असं चैताली चारदा म्हणाली. तो कागद सोबत परत पाठवतेय. सहीची जागा मोकळी आहे. सही मला चांगली येते. तू आधी गंज पेठेत जा. एकटा जा, मी सोबत येणार नाही. माझ्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं, असं तिला तुझ्या तोंडानं सांग, आणि मग ती जे बोलेल ते खाली मान घालून ऐक. तिचं पान तिच्या नावानं आत आलं की कागद घेऊन ये, मी उभ्या उभ्या सही करीन. नाहीतर माझंही पान काढून टाक. तुला जमतं ते.

अजून तरी तुझीच,
आजी