डॉक्टरांचा परिचय

४ नोव्हेंबर
लहानपणी एकदा जांभळं खाऊन आम्हा दोघींच्या जिभा काळ्या झाल्या होत्या, आणि शाळेच्या प्रार्थनेला ओठ घट्ट मिटून उभ्या होतो. चंद्रिकाच्या हनुवटीवर ओघळ आला. सिस्टरांनी पाहण्याआधी मी तो माझ्या पांढऱ्या रिबिनीनं पुसला. घरी अम्मीची बोलणी खाल्ली.

पुढच्याच वर्षी ती शाळा सोडून गेली, ती थेट आज भेटली! लंडनहून परतून तिनं बेडशाच्या लेण्यांखाली मनोरुग्णांसाठी विश्रामधाम काढलंय. ऑफिस सांभाळायला विश्वासाचं माणूस हवं, म्हणून मला बोलावलं. चेहरा ओळखता आला नाही, पण वय झालं की आता आमचं. खोलीच्या खिडकीतून भाताची कापणी दिसते. किती छान!

६ नोव्हेंबर
पहिलं काम, वेबसाइटसाठी डॉक्टरांचा परिचय लिहिणं. एमबीबीएस, एमडी, लंडनचा अनुभव. भिंतीवरच्या चौकटी पाहून उतरवलं. चंद्रिका म्हणाली, पदव्या कोण वाचतं बानो, लोक डॉक्टरचं बालपण वाचून विश्वास टाकतात. तूच सांग, तुला छान आठवतं. मग मी सांगतच बसले. चहा गार झाला.

फाटकावरचा केरबा हसून म्हणाला, मावशी, हितं आल्यालं मानूस आदी लय बोलतं, मंग गप व्हतं. म्हटलं, मी जन्मभर शाळेत शिकवलंय, गप्प बसणाऱ्यांतली नाही.

१० नोव्हेंबर
परिचय तिनं दुरुस्त करून पाठवला. त्यात रिबीन तिची आणि हनुवटी माझी! वर, ‘घरी अम्मी रागावली.’ चंद्रिका तर घरी आई म्हणायची. चूक दाखवली तर मायेनं गालाला हात लावून म्हणाली, वयानं होतं असं. इतकी चिडले! अम्मी तेव्हा नेमकं काय बोलली होती, ते तोंडावर सांगायला गेले, तर अम्मीचा आवाजच आठवेना.

१३ नोव्हेंबर
मेडिकल कौन्सिलला फोन केला. नोंदणी खरी, पदव्या खऱ्या. बाई तेवढी खोटी.

माझी लेक उमेरा फोनवर वैतागली. अम्मी, एवढी शिकलेली डॉक्टर तुला कशाला फसवेल? ओळखीचं माणूस बदललंय असं वाटणं हा आजारच असतो म्हणे. कोणी सांगितलं? चंद्रिकानं! म्हणजे मी बोलले की आजारी, गप्प बसले की बरी. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

१६ नोव्हेंबर
खोली बदलली. आता रुग्णांच्या बाजूला. फाटकाशी गेले तर केरबा मान खाली घालून म्हणाला, डाक्टरबाईंनी सोडू नगं म्हनलंय. शाळेचं नाव आठवत नाही — मी शिकवत होते ना?

१९ नोव्हेंबर
शेजारच्या खोलीतून माझं हसू ऐकू आलं. डोकावले तर चंद्रिका फोनवर होती. माझ्या आवाजात — उमेरा, जेवलीस का गं — रविवारी उमेरा अम्मीला न्यायला येणार. कोणत्या अम्मीला? तिच्या गालावर आज माझा तीळ —

रविवार
विसरण्याआधी लिहिते. केरबा हे पान उमेराला देईन म्हणालाय.

बांगड्या उमेराला. शिवणयंत्र तमन्नाला, ती माझी — नात, हो, नात. रिबीन पत्र्याच्या डब्यात आहे. ती कोणालाच नको, जाळा.

आणि उमेरा, दोघींना विचार, लहानपणी मी तुला काय म्हणून हाक मारायचे. एक लगेच सांगेल. तिच्याबरोबर जाऊ नकोस. जिला सांगता येणार नाही, नुसती तुझ्याकडे बघत राहील, तिला घरी ने, ती