चौथा तुकडा

रविवार, संध्याकाळ

आई जामखेडहून चार दिवस राहायला आलीय, म्हणून दुपारी तिला सावेडीतल्या नव्या मेडिटेरेनियन हॉटेलात नेलं. बागेतलं टेबल, छोट्या छोट्या प्लेट्स, सगळ्यांनी मिळून खायचं. प्रत्येक प्लेटमध्ये चार तुकडे. आम्हीही चौघंच, मी, नीता, आमची ओवी आणि आई.

आई म्हणत राहिली, "तुमी घ्या आधी." घरी ती कायम शेवटी जेवते, उरलेलं. इथे काही उरतच नाही, वेटर प्लेट उचलून नेतो. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? दर वेळी चौथा तुकडा तिनं माझ्याकडे सरकवला. तिला आवडत नसेल असं वाटून मी... नाही, खरं लिहायचं तर चव लागली होती म्हणून मी तो खाल्ला. दर वेळी.

गाडीत विचारलं, आवडलं का?

"लई चांगलं हुतं. तुमची पोटं भरली न्हवं?"

घरी आल्यावर पाणी प्यायला गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून सकाळची भाकरी चटणीशी खात होती. मी दारातूनच मागे फिरलो. आत गेलो असतो तर तिनं अर्धी माझ्यापुढे केली असती. आणि मी ती खाल्लीही असती.