चार पानांचा अर्ज

मंगळवार, तारीख सात, सकाळ

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. माझी कंबर आता फक्त कागदावर वाकते.

इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. लोकांच्या भिंती अजून रिकाम्या असतात आणि चित्रांना फ्रेम लागते, एवढ्यावर आपलं भागतं. काल एका बाईंनी नातवाचं पहिलं चित्र आणून दिलं. त्यात सूर्य हिरवा आहे. मी सोनेरी पट्टी सुचवली. हिरव्या सूर्याचा मान राखायला नको का? खिडकीतल्या कुंडीला नवं पान फुटलंय. शेजारच्या खोलीत हिचं शिलाई मशीन खडखडतंय, शाळेच्या गणवेशांचे दिवस आहेत. ही बरी आहे. हल्ली डोक्याला रंगीत रुमाल बांधते. छान दिसतो.

तुला आठवतं, शाळेच्या पहिल्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं आणि तू मला उचलून तुझ्या वर्गात, तुझ्या बाकावर नेऊन बसवलंस? बाईंना म्हणालीस, "हा आवाज करणार नाही." आणि बाकाखाली माझ्या गुडघ्यावर बोटांनी भुजंगप्रयात वाजवत राहिलीस. लगागा, लगागा, लगागा, लगागा. कवितेचा अर्थ कळायला मला पुढे किती वर्षं लागली, पण ताल त्याच दिवशी कळला आणि रडं थांबलं.

मध्यंतरी तोच ताल पुन्हा ऐकला, सलाईनच्या नळीत. थेंब पडत होते आणि मी हिच्या मनगटावर बोटं वाजवत होतो. नर्सने येऊन वेग कमी केला. मी म्हटलं, "सिस्टर, वृत्त बिघडलं." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या बरं."

आता ही माझ्या मागे येऊन उभी राहिली आहे. वाचते आहे. म्हणते, "पान संपत आलं. कुंडी आली, सूर्य आला. कॅन्सर आला का?"

आला, अक्का. हिच्या छातीत गाठ निघाली. उन्हाळ्यापासून उपचार चालू आहेत. तुला कळवलं नाही, कारण तू ऐकल्या ऐकल्या राहतं घर विकायला काढलं असतंस आणि आम्हाला विचारलंही नसतंस. फोनवर "हिचा आवाज असा का रे?" असं म्हणालीस, तेव्हा मी हवामानावर ढकललं. रागाव, खुशाल रागाव. पण पुढचं वाचून मग रागाव, कारण पुढे गंमत आहे.

आधी गंमत नव्हती. इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "विमा?" नाही. विम्याचा एजंट दरवर्षी दुकानात यायचा. मी त्याला चहा पाजायचो, शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो, आणि तो बिचारा फॉर्म न काढताच पळायचा. तेव्हा मला वाटायचं, काय रसिक माणूस आहे! डॉक्टरांनी पुढच्या औषधांचा आकडा सांगितला आणि घरी येऊन मी दुकानाच्या शटरकडे बघत बसलो. दुकान गेलं तरी निम्मे उपचार झाले असते. उरलेल्या निम्म्यांचं काय?

त्या चहा घ्या म्हणणाऱ्या सिस्टरनेच वाट दाखवली. "तळमजल्यावर समाजसेवेच्या मॅडम बसतात. त्यांना भेटा. लाजू नका, त्या त्यासाठीच बसल्यात." मॅडमनी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, थोडं इस्पितळाच्या निधीतून होईल, एक औषध कंपनीच्या योजनेत सवलतीने मिळेल, आणि मोठा भाग एक संस्था उचलते. "डॉक्टरांचं पत्र मी जोडते. तुम्ही फक्त तुमच्या शब्दांत एक अर्ज लिहा. आणि पाठवायच्या आधी मला दाखवा."

माझ्या शब्दांत! अक्का, मी चार पानं लिहिली. पानगळीवर एक परिच्छेद, दातृत्वावर दोन. "आपल्या थोर कार्याच्या प्रवाहात आमच्या दोघांच्या लहानशा आयुष्याची ओंजळ मिसळावी, एवढीच मनीषा." मागायची वेळ आली की माझी लेखणी आडवळणाला लागते. "मदत हवी" हे दोन शब्द सोडून बाकी सगळी भाषा मी वापरली. मॅडमना दाखवलं नाही; म्हटलं, लिखाण अर्धवट कुणाला दाखवू नये. थेट पेटीत टाकलं.

आठवड्याने दारात दोन माणसं. संस्थेचे चिटणीस, गोल आणि घामाघूम, हातात फुलांचा गुच्छ. आणि खजिनदार बाई, काखेत फ्रेम केलेलं कृतज्ञतापत्र. माझं लक्ष आधी फ्रेमकडे. डावा कोपरा उघडा, खिळा बाहेर.

चिटणीस म्हणाले, "तुमचं पत्र सभेत मोठ्याने वाचलं. इतकं नम्रपणे देणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. "आपलं मोठेपण," मी म्हटलं.

बाईंनी पुस्तक उघडलं. "मग किती लिहू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते."

"छे, असं कसं? आकडा तुम्हीच सांगायचा."

"मला संकोच वाटतो हो."

"बघा," चिटणीस बाईंना म्हणाले, "याला म्हणतात संस्कार!"

मशीनचा आवाज थांबला. ही बाहेर आली. रुमाल डोक्यावर, कात्री हातात. पुस्तकाकडे बघून म्हणाली, "हे पावतीपुस्तक ना? देणाऱ्याला पावती मिळते एवढं मला कळतं. तुम्ही आमच्याकडून घ्यायला आलात की काय?"

"म्हणजे... देणगी..." चिटणीस अडखळले.

"अहो, कॅन्सर मला झालाय. विमा नाही. औषधांना पैसे पुरत नाहीत, मदत हवी आहे. एवढंच लिहायचं होतं. यांनी काय लिहिलं, देव जाणे."

चिटणिसांनी खिशातून माझा अर्ज काढला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मग जे हसायला लागले ते खुर्ची करकरेपर्यंत. बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. ही हसली. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली, अक्का, रुमाल सुटून खाली पडला तरी हसत होती. चिटणीस ओशाळून गुच्छ मागे लपवायला गेले तर म्हणाली, "फुलं परत न्यायची नाहीत हं!"

खजिनदार बाईंनी मशीनजवळच बसून नवा अर्ज लिहून घेतला. हिने सांगितला, तीन वाक्यांचा. त्याच महिन्यात मंजुरी आली. एकही सलाईन चुकलं नाही. परवा डॉक्टर म्हणाले, गाठ चांगलीच आकसली आहे. कृतज्ञतापत्र मी मागून घेतलं, कोपरा नीट बसवला आणि मशीनच्या वर टांगलं. "थोर देणगीदार" असं माझ्या नावापुढे छापलंय. गणवेश न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ही ते मुद्दाम वाचून दाखवते.

तर असं सगळं छान आहे. कुंडीला नवं पान...

"पान झालं सांगून," ही म्हणते. "ज्यासाठी पत्र लिहायला बसलात ते लिहा. तीन वाक्यांत."

बरं.

सव्वीस तारखेला हिचं ऑपरेशन आहे. बाहेरच्या बाकावर एकटं बसायची मला भीती वाटते. तू ये.

तालासाठी गुडघा पुढे करून बसलेला,
तुझा यमक्या