सोमवारचा धाकटा भाऊ

२४ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांचं बारावं उरकलं. पाहुणे गेले. घरात आता मी, नणंद भागी आणि कोंबड्या.

भागी म्हणाली, "वयनी, तू रडली नाय गो. लोक बोलतात."

बोलू देत! डोळे कोरडे ते कोरडेच. पण भीती वाटते. नवरा गेला आणि रडू येत नाय, माझ्यात काय बिघडलंय की काय?

२५ नोव्हेंबर, सोमवारच्या दुसऱ्या दिवशी

मृत्यूची नोंद करायला पंचायतीत गेले. ह्यांचं आधार कार्ड लेक दिपिका वाशिंदला घेऊन गेलेली. कॉम्प्युटरवाले साहेब म्हणाले, "मयताचं नाव?"

झाली पंचाईत! चाळीस वर्षांत एकदा घेतलं नाय. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, सासूनं बजावलेलं. त्यात नाव वारावरचं, म्हणून तो वारसुद्धा तोंडात नाय. अंगणवाडीत पोरांना शिकवायचे — सोमवार, त्याचा धाकटा भाऊ, बुधवार!

म्हटलं, "बुधवारच्या आदल्या दिवसाचं नाव."

"मावशी, कधी वारले ते नंतर. आधी नाव."

"तेच सांगते ना! बुधवारच्या —"

त्यांनी टकाटक बटणं दाबली. मी न वाचताच सही ठोकली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दाखला मिळाला. बुधा मेला!

भागी पोट धरून हसली. मीपण हसले. मग लाज वाटली. पण खरं लिहिते, बरंही वाटलं. कागदावर तरी हे अजून गेले नायत.

३० नोव्हेंबर, रविवार

दिपिका आली. दाखला बघून कपाळावर हात मारला. "मी सांगते त्यांना." म्हटलं, नको, मीच सांगणार. "मग घे की नाव, आई! आता कसलं आयुष्य घटायचंय?"

तेच तर! एवढं जपलं आणि हे बासष्टाव्या वर्षीच निघून गेले. फसवलं मला! रोज नाव घेतलं असतं तर निदान भांडणं तरी धड झाली असती. नुसतं "अवो, ऐकलं काय" म्हणून भांडण रंगत नाय.

१ डिसेंबर, सोमवार

भागीपुढे सराव केला. "मं"पर्यंत पोचले. ठसका लागला.

२ डिसेंबर, मंगळवार

साहेबांना सांगितलं. मंगळू. दाखला दुरुस्त झाला.

जीभ सैल झाली म्हणून घरी येऊन दारातूनच हाक मारली — मंगळू! आणि उभी राहिले. हाक मारल्यावर माणूस थांबतंच ना, ओ येईपर्यंत.

ओ आली नाय. तिथंच उंबऱ्यात बसून रडले.